प्रेम ओसरल्याचं गाणं कसं लिहावं: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

प्रेमभंगाची गाणी आपल्याकडे ढिगानं आहेत. कुणी सोडून गेलं, कुणाचं लग्न दुसरीकडे ठरलं, कुणी परदेशी गेलं ते परतलंच नाही. पण भांडण झालेलं नाही, फसवणूक नाही, माणूस समोर बसून पेपर वाचतोय आणि आपलं मन त्याच्यावरून कधी उडालं ते आपल्यालाच कळलं नाही, या दुखण्यावर लिहायला बसलं की हात अडतो. उसना घ्यायला साचाच नसतो. संतांच्या विराणीत सखा दूर असतो, लावणीतली नायिका वाट बघत असते. तिथे ओढ जिवंत आहे आणि माणूस जागेवर नाही. आपल्याकडे माणूस जागेवर आहे, ओढ गेलेली आहे. नवे लिहिणारे हा फरक लक्षात न घेता विरहाचीच भांडी घासूनपुसून वापरतात आणि मग गाणं खोटं वाटायला लागतं.

मी हौशी गीतकार. पुण्यात नोकरी सांभाळून ओळखीच्या संगीतकारांसाठी शब्द लिहिते. या विषयावरचं एक गाणं कागदापासून नोंदणीपर्यंत नेताना जे विचारायला कुणी सापडत नव्हतं, ते इथे क्रमाने मांडते. उदाहरणाला माझ्याच ओळी घेतल्यात, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याची चिरफाड करायला नको.

हाताशी काय हवं

- वही आणि पेन्सिल. मात्रा मोजताना अक्षरांवर खुणा कराव्या लागतात, फोनवर ते जमत नाही.
- फोनमधला रेकॉर्डर.
- तबला-तानपुऱ्याचं कुठलंही ॲप. फुकटचं चालतं.
- पेटी किंवा गिटार. स्वतःला येत नसेल तर वाजवणारं कुणीतरी, आणि त्याच्या दोन मोकळ्या संध्याकाळी.
- अगदी शेवटच्या टप्प्यासाठी पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि गाण्याच्या शब्दांची तारीख घातलेली स्वच्छ प्रत.

यमकांची यादी किंवा कोश लागत नाही. उलट सुरुवातीला तो जवळ असला की माणूस अर्थ सोडून यमकाच्या मागे धावतो.

## १. बोलतंय कोण, ते आधी ठरवा

तीन शक्यता आहेत. माझं प्रेम गेलं आणि समोरच्याला अजून पत्ता नाही. समोरच्याचं गेलं आणि ते मला रोज दिसतंय. दोघांचंही गेलं, पण दोघं संसार नीट चालवताहेत.

पहिल्या गाण्याला पहिलीच शक्यता घ्या. तिच्यात अपराधीपणा आपोआप येतो आणि गाण्याला तेवढं इंधन पुरतं. दुसरी शक्यता लिहिता लिहिता रुसव्याकडे घसरते, 'तू बदललास' हे वाक्य कुठूनतरी आत शिरतंच. तिसरी युगुलगीतात छान बसते. दोघं त्याच ओळी गातात, पण एकमेकांना उद्देशून नाही. त्यासाठी मात्र दोन तयार गळे हवेत.

एक चाचणी सांगते. पहिला खर्डा मित्राला वाचून दाखवा आणि विचारा, 'यात चूक कुणाची?' त्याने चटकन नाव घेतलं, तर तुम्ही तक्रारीचं गाणं लिहिलंय. वाईट नसेल ते, पण ते वेगळं गाणं आहे.

## २. आठवडाभर फक्त वस्तू आणि हालचाली टिपा

या काळात 'दुःख', 'एकटेपणा', 'पोकळी', 'वेदना' हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. घरात, रस्त्यावर, गाडीवर काय काय घडतं तेवढंच लिहायचं. स्वतःचा अनुभव नसेल तर आजूबाजूची जोडपी बघा. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, बसस्टॉपवर बरंच सापडतं.

माझ्या यादीतल्या काही नोंदी:

- चहाचे दोन कप. एकात साखर कमी. हे अजून न विचारता कळतं.
- जिन्यावरचं पाऊल ओळखू येतं. कुलूप दोनदा फिरवायची सवयही.
- शर्टाचं बटण लावून दिलं. पूर्वी त्याने शर्ट अंगात ठेवूनच लावायला सांगितलं होतं.
- स्कूटरवर मागे बसताना भाजीची पिशवी आता मधे ठेवते. पूर्वी ती हँडलच्या खालच्या हुकाला असायची.
- त्याने विनोद सांगितला, हसले. चांगला होता विनोद.

यातलं गाण्यात काय घ्यायचं? दोनच प्रकारच्या नोंदी कामाच्या. कृती तीच राहिली आणि तिच्या मागचं मन गेलं, हा पहिला प्रकार. चहा आणि बटण त्यातले. दुसरा प्रकार, कृती इतकी किंचित बदलली की दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येणार नाही. पिशवी त्यातली. विनोदाची नोंद मला फार आवडते, पण ती कथेत चालेल. गाण्यात ती समजावून सांगावी लागते, आणि समजवायला लागलं की चाल थांबते.

टाळायच्या गोष्टी: चांदणं, पाऊस, वाळलेली फुलं, रिकामं घरटं, कोरडी नदी आणि विझलेली वात. शेवटची तर पहिल्याच खर्ड्यात हमखास येते. ती आली की समजायचं, आपण अजून घरात नीट बघितलेलं नाही.

## ३. मुखडा: आधी साधं वाक्य, मग ओळ

मुखड्याची, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या पहिल्या ओळींची, कल्पना एका गद्य वाक्यात लिहून काढा. माझं वाक्य होतं: 'त्याचं पाऊल ओळखू येतं, पण छातीत धडधडत नाही.' हे वाक्य भाजीवाल्यालाही कळलं पाहिजे. कळत नसेल तर कवितेची घाई करू नका.

त्यातून मुखडा असा झाला:

दार वाजते, ओळखते मी
पाऊल तुझे, धडधड नाही
दोन कपांचा चहा उकळतो
भांडण नाही, पडझड नाही

इथे 'नाही' दर वेळी शेवटी येतो, गझलेच्या भाषेत तो रदीफ. यमक त्याच्या आधी जुळायला हवं: धडधड, पडझड, तडफड, अवघड. नवख्यांचा सापळा इथेच असतो. समजा शेवटची ओळ 'सवय अजूनी मोडत नाही' अशी केली, तर मात्रा बिनचूक बसतात, अर्थही बरा आहे, पण 'धडधड'ला 'मोडत' जुळत नाही. 'नाही'ला 'नाही' जोडलं म्हणजे यमक झालं असं वाटतं, आणि ऐकताना काहीतरी सुटल्यासारखं होत राहतं.

शेवटी येणारा शब्द विचार करून निवडा, कारण पूर्ण गाणं त्यावर परत परत येऊन आपटणार आहे. या विषयाला नकार शोभतो. जे घडत नाही त्याचंच हे गाणं आहे.

## ४. मात्रा मोजा, आणि मग टाळी देऊन म्हणा

गाणं आणि मुक्तछंद यांच्यातली भिंत इथे आहे. कंटाळवाणं काम वाटतं, पण एकदा हाताला सवय झाली की भाजी निवडता निवडता होतं.

नियम थोडेच आहेत. अ, इ, उ आणि त्यांची अक्षरं लघू, एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ गुरू, दोन मात्रा. अनुस्वाराचा स्पष्ट उच्चार होत असेल तर ते अक्षर गुरू, 'मंडई'तला 'मं' तसा. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात पडत असेल तर तेही गुरू: 'रस्ता' म्हणजे दोन आणि दोन, चार. पण 'तुझ्या', 'पुन्हा', 'तुम्ही' यांत आघात नाही, म्हणून पहिलं अक्षर लघूच राहतं. कागदाकडे न बघता कानावर विश्वास ठेवा.

आता मोजू:

दा(२) र(१) वा(२) ज(१) ते(२) = ८
ओ(२) ळ(१) ख(१) ते(२) मी(२) = ८

पा(२) ऊ(२) ल(१) तु(१) झे(२) = ८
ध(१) ड(१) ध(१) ड(१) ना(२) ही(२) = ८

ओळीत १६ मात्रा, आठ-आठच्या दोन भागांत. छंदशास्त्रात याला पादाकुलक म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, आठ विसरू नका. केरवा तालाचं आवर्तन, म्हणजे एक फेरा, ८ मात्रांचं असतं, त्यामुळे अशी ओळ दोन आवर्तनांत सुखाने बसते. दादरा ६ मात्रांचा, त्याला सहाच्या पटीतली ओळ लागते. संगीतकाराकडे जाताना 'केरव्यात आहे' एवढं सांगता आलं तरी तो तुम्हाला गंभीरपणे घेतो.

मात्रा कमी-जास्त झाल्या तर मराठीत थोडी मुभा आहे. 'अजून'चं 'अजूनी' करता येतं, 'मध्ये' (चार मात्रा) ऐवजी 'मधे' (तीन) चालतं. पण एका गाण्यात अशी एखाद-दुसरीच सवलत घ्या. 'परी', 'जरी', 'ते', 'हो' असली पाचर मारून जागा भरलेली ओळ लगेच ओळखू येते.

आणि बेरीज बरोबर आली म्हणून ओळ गाण्याजोगी झाली, असं नाही. केरव्यात पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवायचा. टाळी देत 'पाऊल तुझे' म्हणून बघा. पाचवी मात्रा 'पाऊल'मधल्या 'ल'वर पडते आणि शब्द 'पाऊ-लतुझे' असा तुटतो. यावर दोन उपाय. शब्द बदलायचा, किंवा चालीत तो दोन-तीन-तीन असा तोलायचा: पा, ऊल, तुझे. मी दुसरा घेतला, कारण 'पाऊल' मला हवंच होतं. हे संगीतकाराला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो सरळ ठेक्यावर बसवतो आणि शब्दाचे दोन तुकडे होतात.

## ५. 'गेलो' की 'गेले', 'तू' की 'तुम्ही'

मराठी क्रियापद गाणाऱ्याचं लिंग उघड करतं. 'मी विसरले' म्हटलं की बाई, 'विसरलो' म्हटलं की पुरुष. गायक ठरलेला नसेल तर दोन वाटा आहेत. एक, क्रियापदाला 'मी' नको, वस्तू द्या: 'चहा उकळतो' कुणीही गाऊ शकतं. दोन, बदलल्यावर मात्रा तेवढ्याच राहतील असं रूप घ्या. 'ओळखते मी' आणि 'ओळखतो मी' दोन्ही आठच, त्यामुळे पुरुष गायक मिळाला तरी काम अडत नाही.

संबोधन 'तू'च ठेवा. 'तुम्ही' घातलं की गाणं एकदम आधीच्या पिढीतल्या संसारात जाऊन बसतं. ते मुद्दाम करायचं असेल तर जरूर करा, त्यात एक फार चांगलं गाणं दडलेलं आहे. 'मज', 'तुज', 'सखया', 'प्रिया' यांना सुट्टी द्या. ज्याच्यावरून मन उतरलंय त्याला कुणी सखया म्हणत नाही.

भाषेची पातळी सुरुवातीला एकदाच ठरवायची. 'वाजते' तर सगळीकडे 'वाजते', 'वाजतं' तर सगळीकडे 'वाजतं'. बोलीतली रूपं आजकालच्या गाण्यांत छान खपतात, पण ओळीच्या शेवटी 'तं' लांबवून गायचं म्हणजे तोंड धड उघडत नाही, धड मिटत नाही. मी म्हणून 'ते' घेतलं.

## ६. अंतरे: दोनच, आणि दोन वेगळ्या जागी

अंतरे म्हणजे मुखड्यानंतर येणारी कडवी. आधी वेळेचा हिशेब. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर १६ मात्रांच्या ओळीला ८ सेकंद लागतात. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात अशा साधारण २६ ओळींची जागा आहे. मुखडा आणि त्याची पुनरावृत्ती मिळून सहा, वाद्यांच्या दोन तुकड्यांना चार-चार, प्रत्येक अंतऱ्याला चार आणि दर वेळी मुखड्यावर परतायला दोन. झाली २६. तिसरा अंतरा लिहिलात तर तो वाद्यांची तरी जागा खाईल, नाहीतर गाळला जाईल. आणि गाळताना तुम्हाला कुणी विचारेल असं नाही.

अंतऱ्याच्या पहिल्या दोन ओळींचं यमक आपापसात. तिसरी मोकळी. चौथीने मुखड्याच्या यमकावर परत यायचं, म्हणजे गायकाला मुखडा सहज पकडता येतो.

पहिला अंतरा घरातला:

बटण लावते, सुईत दोरा
मनात कागद अगदी कोरा
हात कधी जो थरथरलेला
गाठ मारतो, तडफड नाही

दुसरी ओळ वाचून तुम्हालाही खटकलं असेल. ती 'दोरा'ला जोड हवी म्हणून आलेली आहे. मनातला कोरा कागद म्हणजे कधीच्या काळापासून वापरात असलेली प्रतिमा, आणि बाकीच्या तीन ओळींत वस्तू असताना हीच एक हवेत तरंगते. अशी ओळ सापडली की यमक तसंच ठेवून त्या शब्दाला दुसरा कुठला रोजचा अर्थ आहे का ते बघायचं. कापडही कोरं असतं, अजून पाणी न लागलेलं. म्हणून:

बटण लावते, सुईत दोरा
नवा तुझा तो सदरा कोरा
हात कधी जो थरथरलेला
गाठ मारतो, तडफड नाही

आता सदरा खरोखर हातात आला. नवीन कपड्याचं बटण पहिल्याच दिवशी निघतं हेही खरंच. मोजून बघा: न-वा-तु-झा-तो आठ, स-द-रा-को-रा आठ.

दुसरा अंतरा घराबाहेर न्या. दोन्ही अंतरे स्वयंपाकघरात राहिले तर दुसऱ्यात गाणं पुढे सरकत नाही, नुसती यादी लांबते.

मंडईतून येता-जाता
मधे ठेवते पिशवी आता
खांद्यावरचा हात काढला
रस्ता वळतो, अवघड नाही

इथे 'अवघड' दोन्हीकडे बघतं, वळणाकडे आणि नात्याकडे. असं दुहेरी पडलं तर ठीक, मुद्दाम ओढून आणू नका.

शेवटच्या मुखड्यात एखादा शब्द बदलायची कल्पना सगळ्यांना सुचते. 'दोन कपांचा'चं 'एका कपाचा' करायचं, ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होईल. नका करू. पहिली गोष्ट, 'एका कपाचा'च्या नऊ मात्रा होतात. दुसरी आणि मोठी, माणूस गेलेला नाहीच. चहा दोनच कपांचा होतो आहे, हेच तर या गाण्याचं दुखणं. कप एक झाला की ते पुन्हा विरहाचं गाणं झालं.

## ७. चाल: रडकी नको

शब्द तयार झाले की संगीतकार पेटी पुढे ओढून सवयीनं शिवरंजनी रागात जातो. चूक नाही त्याची, दुःख म्हटलं की तोच दरवाजा आधी उघडतो. पण आपल्या गाण्यातली बाई रडत नाहीये. शब्द म्हणतात 'तडफड नाही' आणि स्वर तडफडताहेत, हे विसंगत होतं.

एक सोपा प्रयोग. भूपाली आणि शिवरंजनी या रागांत गंधाराचाच, म्हणजे 'ग' या सुराचाच फरक आहे. भूपालीत सा रे ग प ध, सगळे शुद्ध. शिवरंजनीत तोच गंधार कोमल, म्हणजे थोडा उतरवलेला. गाणं भूपालीत ठेवा, शांत, सकाळच्या कामांसारखं. कोमल गंधार फक्त एका ठिकाणी लावा, 'धडधड नाही'मधल्या 'ना'वर. राग म्हणून हे शुद्ध नाही, शास्त्रीय शिकलेली मंडळी भुवई उंचावतील. भावगीताला तेवढी सूट असते. गिटारवर करायचं तर मेजर कॉर्डमधून त्याच सुराच्या मायनरवर क्षणभर जाऊन परत या.

क्वचित उलटाही प्रसंग येतो. संगीतकाराकडे चाल तयार असते आणि तो तुम्हाला 'ला ला'वर रेकॉर्ड करून पाठवतो. तेव्हा आधी त्या चालीच्या मात्रा वहीत खुणांनी उतरवून घ्या: लांब सुराला आडवी रेघ, आखूडला टिंब. लांब सुरावर गुरू अक्षर, आखूडवर लघू. अर्थाचं नंतर बघू.

## ८. शब्द तोंडात घोळवून घ्या

फोनवर स्वतः गाऊन रेकॉर्ड करा. गळा कसाही असो. तीन गोष्टी ऐकायच्या.

उंच सूर कुठल्या स्वरावर आला? 'आ' वर गळा मोकळा होतो, 'ई' वर आवळतो. 'नाही'तला चढ 'ना'वर ठेवा आणि 'ही' खाली सोडून द्या. नवशिक्या गायकाकडून तर हे आवर्जून करून घ्या.

'धडधड', 'पडझड' यांसारखे शब्द आघाताचे आहेत. त्यांना लांबवलं की हास्यास्पद वाटतं. चटचट म्हणायचे, जवळजवळ बोलल्यासारखे.

शेवटच्या अक्षरातला 'अ'. बोलताना आपण 'दार्', 'हात्', 'दोन्' म्हणतो, गाताना 'र', 'त', 'न' यांना पूर्ण मात्रा मिळते. काही गायक बोलल्यासारखं तोडतात आणि मात्रा कमी पडते, मग पुढचा शब्द लवकर येतो. 'हात कधी जो' इथे हे नेहमी होतं. तालमीत एकदा दाखवून द्या, पुरतं.

आणि गायकाला हुंदका देऊ नका म्हणून सांगा. देणारच. पुन्हा सांगा.

## ९. कागदपत्रं आणि हक्क

हा भाग मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं, म्हणून जरा थांबून लिहिते.

एका रेकॉर्ड झालेल्या गाण्यात कायद्याने तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. ध्वनिमुद्रणाचा खर्च कुणी केला म्हणून शब्द त्याचे होत नाहीत.

कॉपीराइट लिहिल्याक्षणीच तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो गीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तरीही नोंदणी करून ठेवली तर वादाच्या वेळी पुरावा हातात राहतो. कॉपीराइट कार्यालयाच्या पोर्टलवर फॉर्म १४ भरायचा, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. अर्ज केल्यावर डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. लागणाऱ्या गोष्टी: शब्दांची प्रत, ओळखपत्र, आणि अर्जदार स्वतः लेखक नसेल तर लेखकाचं ना हरकत पत्र. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशनही आपल्या सभासदांच्या गीतांची नोंद करून देते. तो वेगळा आणि स्वस्तातला पुरावा.

करार आला तर सही करण्याआधी चार ओळी शोधा: नेमकं काय देतोय, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, बदल्यात काय. हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. 'कायमचं, जगभर' असं लिहून आलं की निदान मानधनाचं बोलून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून इतर कुणाला लिहून देता येत नाही. एका ध्वनिमुद्रण संस्थेने पाठवलेल्या मसुद्यात 'सर्व रॉयल्टीवरचा हक्क सोडत आहे' असं कलम बिनदिक्कत होतं. मी ते खोडून परत पाठवलं, आणि त्यांनी काही न बोलता मान्य केलं.

गाणं प्रसिद्ध झालं की इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं (आयपीआरएस) सभासदत्व घ्या. गाणी रेडिओवर, हॉटेलात, कार्यक्रमात वाजतात त्याचा गीतकार-संगीतकारांचा वाटा ती गोळा करते. पॅन, आधार, रद्द चेक इथे लागतात. स्ट्रीमिंगवर टाकताना वितरक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला अक्षरं आणि अंक मिळून १२ खुणांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख, देतो, तो वहीत लिहून ठेवा. आणि 'गीतकार' या रकान्यात आपलं नाव नीट लिहिलंय ना, ते प्रसिद्धीच्या आधी स्वतः बघा. नंतर दुरुस्त करायला आठवडे जातात.

संगीतकार मित्र असेल तरी कोणाचा किती वाटा हे एका ईमेलमध्ये लिहून घ्या. मैत्री टिकते त्याने.

## १०. गाणं घराबाहेर पडण्याआधी

ऐकणारा गृहीतच धरतो की हे तुमचं स्वतःचं आहे. प्रेमाच्या गाण्याला कुणी विचारत नाही, याला विचारतात. सासूबाई गाणं ऐकून काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी मात्र नवऱ्याला बाजूला घेऊन 'सगळं बरं आहे ना रे?' म्हणाल्या. तेव्हा घरच्यांना आधी ऐकवा, त्यांना ते स्टेटसवरून कळता कामा नये.

गाणं खरोखर कुणावर बेतलेलं असेल, तर ओळखू येईल अशी एक तरी गोष्ट बदला. गाव, गाडी, कामाचं ठिकाण, काहीही. बटण माझ्या यादीतलं आहे, पण मूळ नोंदीत शर्ट कुठल्या रंगाचा होता ते मी गाण्यात येऊ दिलं नाही. आणि त्या माणसाला गाण्याची लिंक पाठवून 'ऐक' म्हणू नका. जे तोंडानं सांगायचं राहिलंय ते सांगायला गाणं वापरलं, तर पहिला श्रोता शब्द ऐकत नाही, आरोप ऐकतो. आधी बोलून घ्या, मग प्रसिद्धीची तारीख ठरवा.